वॉरंटी चालू ठेवायची का?

माझ्या गाडीची वॉरंटी पुढच्या महिन्यात संपते. पहिली तीन वर्षं कंपनीची मूळ वॉरंटी, चौथं वर्ष विकतचं. गाडी घेताना शोरूमच्या कोटेशनवर विमा, आरटीओ, अ‍ॅक्सेसरीज यांच्या रांगेत तेही बसून आलं होतं. आता सर्व्हिस सेंटरमधून फोन येतायत : पाचवं आणि सहावं वर्ष एकदम घ्या, जीएसटीसकट ३२,००० रुपये, मुदत संपली की ही ऑफर नाही. गाडी टर्बो पेट्रोल, गिअरबॉक्स ड्युअल क्लच ऑटोमॅटिक, आणि तिचं आयुष्य बहुतेक सिंहगड रस्त्यावरच्या रांगेत जातं. चौथ्या वर्षात क्लेम एकही नाही.

या विषयावर बोलायचा अधिकार असलेली माणसं आमच्या घरात दोन. माझा मेहुणा कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात गॅरेज चालवतो. मुलगी पुण्यातल्या एका विमा कंपनीत मोटारींचे दावे तपासते. मला वाटलं होतं, गॅरेजवाला म्हणेल, कंपनीला कशाला पैसे घालता, मी बसलोय की. आणि विम्यातली मुलगी म्हणेल, संरक्षण हवंच. झालं बरोबर उलटं. रविवारच्या जेवणानंतर दोघं जे भांडले ते थोडी काटछाट करून इथे देतो. अधूनमधून माझी लुडबूड आहे, ती वाचकांनी चालवून घ्यावी.

भाची : मामा, चौथ्या वर्षाचे पैसे बाबांनी भरले. मिळालं काय?

मामा : काही मोडलं नाही, हेच मिळालं. गाडीचा विमा दर वर्षी भरतात. धडक बसली नाही म्हणून दाजी हळहळतात का?

भाची : विम्याचं नाव काढलंत म्हणून सांगते. थर्ड पार्टी विमा सक्तीचा का आहे? गाडीखाली माणूस सापडला तर भरपाई किती होईल हे आधी कुणीच सांगू शकत नाही. तो आकडा घर विकायला लावू शकतो. जे नुकसान आपल्याला पेलणार नाही, त्याचाच विमा काढायचा. हा गिअरबॉक्स गेला तर किती खर्च?

मामा : पुरता बदलला तर अडीच-तीन लाख धर. नुसतं कंट्रोल युनिट गेलं तरी लाखाच्या पुढं.

भाची : झोंबेल. पण त्यापायी बाबा रस्त्यावर येणार नाहीत. आता दुसरा हिशोब. समजा, शंभर गाडीवाल्यांनी ही वॉरंटी घेतली. ३२,००० गुणिले शंभर म्हणजे ३२ लाख. त्यातले जवळजवळ ४ लाख ८८ हजार जीएसटीचे, कारण यावर १८ टक्के कर आहे. उरले सत्तावीस लाखांच्या आसपास. त्यातून विकणाऱ्या डीलरचं कमिशन जायचं, फोन करणाऱ्या मुलींचे पगार जायचे, कंपनीला नफा ठेवायचा. एवढं करून जे राहील त्यात शंभर गाड्यांची दुरुस्ती बसते. बसत नसती तर बाबांना आठवड्याला एवढे फोन आले असते का?

मामा : शंभर गाड्यांचा हिशोब कंपनीनं करावा. दाजींकडं एकच गाडी आहे. सरासरी कंपनीच्या वाट्याला येते; दाजींना एक तर शून्य खर्च येणार, नाही तर दोन लाख. मधलं काही नाही.

भाची : एकच गाडी आहे, पण घरात वस्तू किती आहेत! फ्रीज, वॉशिंग मशीन, टीव्ही, दोन एसी, माझा लॅपटॉप. प्रत्येक दुकानदार वाढीव वॉरंटी पुढे करतो. सगळ्यांना नाही म्हटलं तर दहा वर्षांत जो पैसा शिल्लक राहतो, त्यात एखादं मोठं बिल सहज निघतं. तोच आपला घरचा विमा. हे ३२,००० वेगळ्या खात्यात टाकायचे आणि हात लावायचा नाही.

मामा : वेगळ्या खात्यातले पैसे गणपतीला गावी जाताना बाहेर येतात. तुझ्या आईला विचार.

(यावर स्वयंपाकघरातून जी प्रतिक्रिया आली ती छापण्याजोगी नाही. पण मेहुण्याचं म्हणणं खोटंही नव्हतं. बाजूला ठेवायचं ठरवलेला पैसा आणि खरोखर बाजूला ठेवलेला पैसा यांत मध्यमवर्गीय घरात लांबचं अंतर असतं. वाढीव वॉरंटी विकणाऱ्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे.)

भाची : पण मामा, तुम्ही कंपनीची बाजू घेताय याचंच मला नवल वाटतं. गाडी वॉरंटीत असली तर तुमच्याकडे येणारच नाही.

मामा : मी गॅरेज चालवतो म्हणून तर सांगतोय. मारुती ८०० चा कार्ब्युरेटर मी ब्रश आणि पेट्रोलनं साफ करून माणसाला तासाभरात गगनबावड्याला लावून देत होतो. ह्या गाडीत काय करू? माझा स्कॅनर कोड वाचतो, पुसतो. पण नवं कंट्रोल युनिट बसवलं तर ते गाडी ओळखत नाही. कंपनीच्या सॉफ्टवेअरला जोडून, चासी नंबर घालून त्याला शिकवावं लागतं. ती चावी माझ्याकडं नाही. जी गाडी मी दुरुस्त करू शकतो तिच्यासाठी मी वॉरंटी घ्यायला सांगणार नाही. जी करू शकत नाही तिच्यासाठी सांगतो.

भाची : म्हणजे पाठीमागे कुणी नाही म्हणून वॉरंटी?

मामा : तसंच धर. आणि दाजी चालवतात कशी ते बघ. पुण्यात संध्याकाळी ब्रेक सोडला, गाडी दोन फूट सरकली, परत ब्रेक. साध्या गाडीत पाय दुखतो म्हणून माणूस न्यूट्रल करतो. यात पाय दुखत नाही, म्हणून माणूस विसरतो. आत क्लच अर्धा लागतो, अर्धा घसरतो, तापतो. हा कोरडा क्लच, थंड करायला भोवती तेल नाही. चीनमध्ये लोकांच्या तक्रारी इतक्या झाल्या की फोक्सवॅगननं २०१२ मध्ये तिथं ह्याच जातीच्या गिअरबॉक्सची वॉरंटी १० वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर केली. पुढच्या वर्षी ३,८४,१८१ गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ही काय लहान कंपनी आहे?

भाची : हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे! तिथे वॉरंटी वाढवली ती कंपनीनं, स्वतःच्या खर्चानं. बनावटीतच दोष असेल तर तो कंपनीनं निस्तरायचा. त्यासाठी बाबांनी ३२,००० का भरायचे? आपल्याकडेही मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. सुरक्षिततेला धोका देणारा दोष असेल तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं, सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी. अशी रिकॉल असेल तर दुरुस्ती फुकट, वॉरंटी संपलेली असो वा नसो. कंपनीच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकून बघता येतं.

मामा : बघितलंस?

भाची : बघितलं. आपल्या गाडीला रिकॉल नाही.

मामा : मग? सरकार ब्रेक आणि एअरबॅगसाठी गाडी बोलवेल. गिअर अडखळतो म्हणून बोलवायला किती लोकांनी ओरडायचं? तोवर बिल दाजींनीच भरायचं.

इथे मुलीनं पर्समधून करारपत्राची प्रत काढली. तिनं ती आधीच मागवून घेतली होती, छापून, पिवळ्या रंगानं खुणा करून. माझ्याकडे चौथ्या वर्षाचा तसाच कागद चार वर्षं ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे. विमा कंपनीत काम करणारी माणसं करार शेवटच्या पानापासून वाचतात, हे मला त्या दिवशी कळलं. पहिल्या पानावर काय मिळेल ते मोठ्या अक्षरात असतं, शेवटच्या दोन पानांवर काय मिळणार नाही ते बारीक अक्षरात.

भाची : ऐका. क्लच डिस्क, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. ब्रेक पॅड, ब्रेक डिस्क. वायपर, बल्ब, फ्यूज. बेल्ट, होज, रबर बुश. बॅटरी, टायर. सगळी तेलं, सगळे फिल्टर. साधारण झीज. गंज. गाडीच्या चालण्यावर परिणाम न करणारा आवाज किंवा थरथर. पाणी शिरल्यानं झालेलं नुकसान. प्राण्यांनी केलेलं नुकसान. आता मामा, प्रामाणिकपणे सांगा. चार-पाच वर्षांची गाडी तुमच्याकडे येते तेव्हा पैसे कुठे जातात?

मामा : क्लच प्लेट, सस्पेन्शन, ब्रेक, बॅटरी, टायर.

भाची : म्हणजे तुमचं बिलबुक आणि ही न मिळणाऱ्या गोष्टींची यादी एकच आहे.

मामा : निम्मी एक आहे. दुसरी निम्मी तू वाचली नाहीस. एसीचा कॉम्प्रेसर, स्टिअरिंगची मोटर, अल्टरनेटर, फ्युएल पंप, इंजेक्टर, टर्बो, मधला तो टीव्ही. ही माझ्या बिलबुकात कमी येतात, पण येतात तेव्हा एकेक बिल तीस, चाळीस, ऐंशी हजारांचं. ह्या सगळ्याला वॉरंटी लागू आहे. तुझा विमा ह्यातलं काय देतो?

भाची : काही नाही. मोटार विम्यात यांत्रिक आणि विजेचा बिघाड वगळलेलाच असतो. अपघात झाला, आग लागली, चोरी झाली तरच.

मामा : झालं तर. दोन्ही छत्र्या वेगळ्या आहेत.

भाची : आणि मधल्या फटीतून उंदीर जातो.

(हे खरं आहे, आणि हसण्यासारखं नाही. आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर बोनेटखाली वायरी कुरतडल्याच्या तक्रारी दर पावसाळ्यात येतात. वॉरंटी म्हणते हा बाहेरचा प्राणी. विम्यात मिळेल की नाही हे पॉलिसी आणि ॲड-ऑन बघून ठरतं. पावसाच्या पाण्यात इंजिन सुरू करून ते बसलं, तरी वॉरंटी हात झटकते. त्यासाठी विम्यात इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. वॉरंटीचे ३२,००० भरून हे दोन्ही सुटले असं समजणारे आमच्याच इमारतीत आहेत.)

पुढचा मुद्दा मुलीनंच काढला आणि मला वाटतं, सगळ्या भांडणात तोच कामाचा होता.

भाची : वगळलेल्या यादीत पहिलंच नाव क्लच डिस्कचं. साध्या गाडीत ते ठीक आहे, तिथे क्लच झिजणारच. पण या गाडीत क्लच गिअरबॉक्सच्या आत आहे, दोन आहेत आणि ते दाबणारा पाय बाबांचा नाही, कॉम्प्युटरचा आहे. उद्या तो जळला तर सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर कुठली ओळ दाखवेल? पहिल्या पानावरची 'ट्रान्समिशन' की शेवटच्या पानावरची 'क्लच'?

मामा : (जरा थांबून) जी त्याला बरी पडेल ती.

भाची : मग ज्याच्यासाठी तुम्ही वॉरंटी घ्यायला सांगताय, तेच त्यात नसेल तर?

मामा : विचारून घ्यायचं.

भाची : तोंडी विचारलं. तो म्हणाला, 'मॅडम, सगळं कव्हर्ड आहे.'

मामा : तोंडी नव्हे. ई-मेल. आणि डीलरला नव्हे, कंपनीला. डीलर गाडी विकतो, क्लेम मंजूर करणारा माणूस वेगळा असतो. क्लच पॅक, कंट्रोल युनिट, दोन्ही नावं घालून विचार. आणि पेट्रोलचंही विचार. दाजींच्या गाडीच्या पुस्तकात १० टक्के इथेनॉलपर्यंत लिहिलंय, पंपावर आता २० टक्के मिळतं. उद्या इंजेक्टर गेला आणि पेट्रोलकडं बोट दाखवलं तर?

दोघांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट, आणि तेवढ्यानं जेवणानंतरचं भांडण मिटायला हरकत नव्हती. पण कॉफी आली आणि खर्चाचा विषय निघाला.

भाची : ३२,००० हा खरा आकडाच नाही. वॉरंटी जिवंत ठेवायची तर प्रत्येक सर्व्हिसिंग वेळेवर आणि त्यांच्याचकडे. गेल्या वेळचं जॉबकार्ड बघा. तेल, फिल्टर, कूलंट ठीक आहे. पण इंजिन फ्लश, एसी डिसइन्फेक्शन, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग? बिल अकरा हजार. मामांकडे हेच किती झालं असतं?

मामा : लागतं तेवढंच केलं असतं तर साडेपाच-सहा.

भाची : म्हणजे दोन वर्षांत आणखी दहा हजार. खरी किंमत ४२,०००.

मामा : फ्लश नको म्हणून सांगायचं. कोटिंग नको म्हणायचं. वॉरंटीला तेल-फिल्टर लागतं, अत्तर लागत नाही. जॉबकार्डवर सही करायच्या आधी एकेक ओळ खोडायला लावायची. पुणेकरांना हे मी शिकवायचं?

भाची : आणि बाहेर सर्व्हिसिंग केलं म्हणून अख्खी वॉरंटी रद्द करणं हेही योग्य नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोकला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतःच्या जाळ्यात अडकवून ठेवली म्हणून. त्यात स्पष्ट म्हटलंय : बाहेरच्या गॅरेजात गाडी नेली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही, बाहेरच्या चुकीच्या कामानं जेवढं बिघडलं तेवढ्यापुरतीच नाकारायची. अमेरिकेत तर याबाबतचा कायदा १९७५ चा आहे.

मामा : आदेश मलाही माहीत आहे, आमच्या संघटनेत पेढे वाटले होते. मग कंपन्या अपिलात गेल्या. काउंटरवरच्या पोराला स्पर्धा आयोग माहीत नसतो. तो फोटो काढतो. मागच्या उन्हाळ्यात एक गाडी माझ्याकडं आली. मालकानं बाहेरनं फॉगलॅम्प बसवले होते. बसवणाऱ्यानं कपलर न वापरता हेडलाइटच्या वायरीची साल ब्लेडनं काढली, दुसरी वायर तिथं पिळली, वर काळी टेप. उन्हानं टेपचा गोंद वितळलेला, सगळी धूळ त्यावर बसलेली, बोट लावलं की काळं. गाडीचा कंट्रोलर गेला होता. फॉगलॅम्पचा आणि त्याचा संबंध असेल नसेल. अ‍ॅडव्हायझरनं त्या टेपचा मोबाइलवर फोटो घेतला आणि क्लेम तिथंच संपला. साठ हजारांचा भाग, चारशे रुपयांच्या वायरिंगनं घालवला.

भाची : ग्राहक आयोगात जायला हवं होतं त्यांनी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लागत नाही, दोन वर्षांच्या आत करायची. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करायचा, बऱ्याचदा तेवढ्यानंही हलतं.

मामा : खरं आहे. पण गाडी तोवर उभी. माणसाला उद्या कामावर जायचं असतं. म्हणून म्हणतो, वॉरंटी घ्यायची असेल तर डॅशकॅमसुद्धा साध्या सॉकेटमधनं चालवा, वायर कापू नका. कापायचीच असेल तर वॉरंटीचे पैसे वाचवा.

यानंतर वॉरंटी देतं कोण यावर बरंच झालं; त्यातलं थोडंच देतो. मुलीचं म्हणणं, वाढीव वॉरंटी म्हणून जे विकलं जातं ते कधी कंपनीचं असतं, कधी डीलरनं बाहेरच्या कुणाकडून घेऊन पुढे विकलेलं. कागदाच्या वरच्या बाजूला गाडीचा लोगो असतो, करार करणाऱ्याचं नाव खाली असतं. तिची मावसबहीण न्यू जर्सीत राहते. तिथे 'तुमच्या गाडीची वॉरंटी संपत आलीय' असे यांत्रिक फोन इतके माजले की जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानं टेलिफोन कंपन्यांना ते अडवायचा आदेश दिला आणि पुढच्या वर्षी त्यामागच्या टोळीला जवळजवळ ३० कोटी डॉलरचा दंड सुनावला. मेहुण्याला एवढ्या लांब जायची गरज वाटली नाही. तो म्हणाला, तळेगावला बघा. शेवरले तिथे बनत होती. २०१७ च्या अखेरीस त्या कंपनीनं भारतात गाड्या विकणं थांबवलं, कारखाना आज ह्युंदाईकडे आहे. २०२१ मध्ये फोर्डनंही इथलं उत्पादन गुंडाळायचं ठरवलं. दोघांनीही जुन्या गिऱ्हाइकांना सेवा चालू ठेवू असं जाहीर केलं. पण कंपनी देशातून निघाली की सर्व्हिस सेंटर कमी होतात, आणि वॉरंटी जवळच्या सर्व्हिस सेंटरइतकीच चांगली. त्याचं मत असं की बाहेरच्या तिसऱ्याच कुणाची वॉरंटी फुकट दिली तरी विचार करून घ्यावी. यावर मुलीचा आक्षेप नव्हता.

मी मध्ये विचारलं, "गाडी दोन वर्षांनी विकायची ठरली तर?"

मामा : उरलेली वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होत असेल तर भाव जरा बरा येतो. ऑटोमॅटिक जुनी गाडी घ्यायला लोक भितात. कागद दाखवला की भीती कमी होते.

भाची : ३२,००० चा भाव येतो का?

मामा : तेवढा नाही. आठ-दहा हजार आले तर आले.

भाची : बाबा, तुमचं रनिंग किती?

मी म्हटलं, वर्षाला नऊ-दहा हजार किलोमीटर. तिचं म्हणणं, मग निदान वर्षं तरी पूर्ण वापरली जातील. अटीत 'वर्षं किंवा किलोमीटर, जे आधी पूर्ण होईल ते' असं असतं. वर्षाला तीस हजार किलोमीटर फिरणारा माणूस दोन वर्षांचे पैसे भरतो आणि मर्यादा त्याआधीच गाठतो. अशा माणसानं किलोमीटरचा रकाना आधी बघावा.

शेवटी मी दोघांना एकच प्रश्न विचारला. हीच गाडी नसून माझ्या बहिणीची असती तर? तिच्याकडे साधं पेट्रोल इंजिन, हातानं गिअर टाकायचा, टर्बो नाही.

भाची : तिला काहीच नको. पैसे बँकेत.

मामा : तिला काहीच नको. बिघडली तर माझ्याकडं पाठवा.

म्हणजे भांडण वॉरंटीचं नव्हतंच, गिअरबॉक्सचं होतं. आणि मुलगी मामाइतकी घाबरत नाही, कारण तिनं अशा गाड्या उघडलेल्या नाहीत. मामा तिच्याइतका हिशोबी नाही, कारण त्याच्यासमोर शंभर गाडीवाले कधी एकदम उभे राहत नाहीत, एकेकटा माणूस बिल हातात घेऊन उभा राहतो. माझा कल मुलीकडे जास्त आहे. ज्याच्याकडे दोन लाख अडीनडीला निघू शकतात आणि ज्याची गाडी साधी आहे, त्यानं वाढीव वॉरंटी घेऊ नये, हे मला पटलं. विजेच्या गाडीवाल्यांनी तर आधीच काय मिळालंय ते बघावं. सगळ्यात महाग भाग बॅटरी, आणि तिच्यावर बऱ्याच कंपन्या मुळातच ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात.

माझ्या गाडीसाठी मी कंपनीला ई-मेल केला. चार प्रश्न : ड्युअल क्लच पॅक वॉरंटीत येतो का, गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट येतं का, २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल वापरलं म्हणून क्लेम नाकारणार का, आणि दोन वर्षांऐवजी एकच वर्ष घेता येतं का. उत्तर यायला आठवडा गेला, एकदा आठवण करावी लागली. कंट्रोल युनिट येतं. क्लच पॅक झिजला तर नाही, बनावटीचा दोष असेल तर येतो. तो कसला दोष हे त्यांचा माणूस ठरवणार. इथेनॉलच्या कारणानं क्लेम नाकारणार नाही. एक वर्ष घेता येतं, १८,५०० रुपयांना. फोनवर हे कुणी सांगितलं नव्हतं.

मी पाचवं वर्ष घेतलं. एका वर्षात कंट्रोल युनिट जाण्याची शक्यता थोडी असेल, पण ते गेलं तर मामाही काही करू शकत नाही, म्हणून. सहावं घेतलेलं नाही. ई-मेलची प्रत छापून करारपत्राला टाचली आहे. तुमची मुदत जवळ आली असेल तर फोनवरच्या माणसाशी घासाघीस करण्याआधी हे चार प्रश्न तुमच्या गाडीनुसार बदलून कंपनीला लेखी पाठवा, आणि मुदतीला निदान महिना शिल्लक असताना पाठवा.